हळद खाणारा कॅमेरा

पुण्यातली माणसं सुट्टी मिळाली की कोकणात जातात, महाबळेश्वरला जातात, जमलं तर परदेशी जातात. बॅग भरून, हॉटेल बुक करून कोणी ठाण्याला आणि कल्याण-डोंबिवलीला फिरायला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तिथे लोकांचे नातेवाईक असतात, आणि तिथे ते लग्नाला किंवा वास्तुशांतीला जातात. माझं तिथे कोणीच नव्हतं. मी गेले ती एका कॅमेऱ्याला घेऊन.

मी एका कॅमेरा कंपनीत काम करते. कॅमेरे परदेशात बनतात. ते वापरणाऱ्यांना भेटायचं, त्यांना पुढच्या कॅमेऱ्यात काय हवंय ते विचारायचं आणि वर कळवायचं, हे माझं काम. फोन आल्यापासून घरगुती कॅमेरे संपलेच. आता वेगळा कॅमेरा घेतात ते व्यावसायिक, नाहीतर मनापासून नाद असलेले लोक. या दोघांना पुढची काही वर्षं काय विकायचं, यावर आमच्याकडे सतत व्हिडिओ बैठका होतात. मी त्यांना माझा व्हिडिओ बंद ठेवून बसते. स्वतःचा फोटो काढला जातोय म्हटलं की मला हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. कॅमेरा कंपनीत हा विनोदाचा विषय आहे, आणि तो विनोद मला रोज ऐकावा लागतो.

या वेळी कंपनीनं चाचणीसाठी एक नमुना पाठवला होता. वरची चाकं आणि बटणं काढून टाकलेला, साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. फोटो काढायचं एक बटण तेवढं शिल्लक. बाकी सगळं मागच्या काचेवर बोटानं. आत दोन नव्या गोष्टी होत्या. एक म्हणजे फोटो काढल्या काढल्या तो वायरशिवाय मोठ्या पडद्यावर जायचा. दुसरी म्हणजे कॅमेऱ्याची हुशारी. माणसाचा चेहरा दिसला की त्याचा रंग जसा असायला हवा तसा तो आपणहून करून द्यायचा.

"हे जवळपास ठरलेलंच आहे," आमच्या वरिष्ठ रंजना मॅडम म्हणाल्या. "तू फक्त चार चांगली वाक्यं घेऊन ये."

घोडबंदर रोड

घोडबंदर रोडवर पोचायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मी पुण्याहून साताऱ्याला गेले असते. टॅक्सी एकाच उड्डाणपुलाखाली इतकी उभी राहिली की बाजूच्या बसमधल्या मुलीचं आणि माझं ओळखीचं हसणंसुद्धा झालं. दोन्ही बाजूंना उंच इमारती, त्यांची नावं युरोपातली, आणि गेटबाहेर मक्याच्या कणसांच्या गाड्या.

आमच्या कंपनीचे कॅमेरे वापरणारे सबनीस काका अशाच एका इमारतीत फार वरच्या मजल्यावर राहतात. निवृत्त झाल्यापासून ते पक्ष्यांचे फोटो काढतात. एका खिडकीतून खाडी दिसते, दुसरीतून येऊरचे डोंगर. काकूंनी आधी जेवायला बसवलं. कोलंबीची खिचडी होती. आमच्या घरी खिचडी म्हणजे ताप आलेल्या माणसाचं जेवण; ही खिचडी खाऊन बऱ्या माणसाला झोप आली असती. वर निनावं. बेसनाच्या त्या वडीचं नाव मी दोनदा विचारलं, आणि दोन्ही वेळा काकूंनी उत्तरादाखल आणखी एक वडी वाढली.

मग काकांनी कॅमेरा हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला.

"बटणं कुठे गेली?"

"काका, सगळं स्क्रीनवर आहे."

"अगं, माझा डोळा इथे असतो." त्यांनी डोळा कॅमेऱ्याच्या वरच्या छोट्या खिडकीला लावून दाखवला. "मग स्क्रीन कुणी बघायचा? काकूनं?"

"मला वेळ नाही," काकू आतून म्हणाल्या.

मी वहीत 'बटणांची सवय' असं लिहिलं. वयस्कर माणसांना सवय सोडवत नाही, असा त्याचा अर्थ मी मनात लावला होता.

खाडी

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला फ्लेमिंगो दाखवायला खाडीत घेऊन गेले. होडीवाला दादा तिथल्या कोळीवाड्यातला. पाणी उतरलेलं होतं आणि दोन्हीकडे चकचकीत चिखल. त्या चिखलावर ते गुलाबी पक्षी मान खाली घालून इतक्या गंभीरपणे चरत होते, की मला परीक्षेचा हॉल आठवला. मागे कारखाने, विजेचे मनोरे, पूल. पुण्यात पक्षी बघायला शहराबाहेर जावं लागतं. इथे पक्षीच शहरात नोकरीला आल्यासारखे दिसतात.

काकांनी आमचा कॅमेरा रोखला. तो पक्षी आपोआप ओळखतो, हे मी त्यांना मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं. त्यानं ओळखलाही. समोरच्या रिकाम्या होडीवर रंगवलेला मोर त्यानं धरला, आणि मग काही केल्या सोडेना. मागे शेकडो फ्लेमिंगो उडाले आणि पुन्हा बसले.

"याला जिता पक्षी कलत नाय वाटतं," होडीवाला दादा म्हणाला.

काका हसून हसून वाकले. होडी हलली, मी बाजू धरायला गेले आणि माझा हात कोपरापर्यंत चिखलात बुडाला. परत येताना काका म्हणाले, "वजन कमी करा, खांद्याला बरं. पण सगळं त्यानंच करायचं, तर मी पहाटे उठून या चिखलात येऊ कशाला? घरी बसून कौतुक करीन त्याचं."

हे वाक्य चांगलं होतं, पण रंजना मॅडमना हव्या असलेल्या चारांमधलं नव्हतं.

ठाकुर्ली

कामातली सगळ्यात महत्त्वाची भेट ठाकुर्लीत होती. स्वातीताईचा फोटो स्टुडिओ म्हणजे एका बेकरीच्या वर दोन खोल्या. पायऱ्या चढताना पावाचा वास येतो, तोंडाला पाणी सुटतं, आणि वर गेल्यावर ती तोच पाव चहाबरोबर पुढे ठेवते. ताई असेल पस्तिशीची. कल्याणपलीकडे मोहने गावाजवळच्या एका आगरी खेड्यातली. कल्याणच्या एका मोठ्या स्टुडिओत तिनं बरीच वर्षं नोकरी केली आणि आता स्वतःचं सुरू केलंय.

"गावातली सगळी लग्नं अजून कल्याणच्या साहेबालाच जातात," ती म्हणाली. "उद्या माझ्या चुलतबहिणीची हळद आहे, प्राचीची. नानांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या, मी मागेच लागलेले. शेवटी म्हणाले, कर तू. हळद नीट निघाली तर पुढे गावाचं काम तुझं. नाहीतर गप साहेबाकडे परत जा."

"एवढं हळदीवर?"

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुमच्याकडे हळद किती वेळ चालते?"

"दहा मिनिटं. सकाळी. आंघोळीच्या आधी."

"आमच्याकडे लग्न उरकतात, हळद करतात."

मी कॅमेरा दाखवला. बटणं नाहीत म्हटल्यावर तिनंही नाक मुरडलं, पण पडद्याची गोष्ट ऐकून ताठ बसली. "थांब. वायर नाही? क्लिक केलं की थेट एलईडीवर? कल्याणचा साहेब अजून पोरांच्या पायात वायर अडकवतो गं!" तिनं दोनचारदा क्लिक करून स्टुडिओतल्या टीव्हीवर पाहिलं. "उद्या पडद्यासाठी हाच. भरवशाचा आहे ना?"

कंपनीत पिवळ्या दिव्याखाली त्याच्या भरपूर चाचण्या झाल्या होत्या. मी "हो" म्हणाले. एरवी मी कुणालाही इतक्या पटकन हो म्हणत नाही.

मोहन्याच्या अलीकडे

स्कूटरवर पुढे स्वातीताई, मागे मी आणि मधे बॅगांची भिंत. बंद पडलेल्या रेयॉन कारखान्याची लांबच लांब भिंत संपता संपेना. मग एकदम उल्हास नदीचा ओला वारा लागला आणि बेंजोचा आवाज ऐकू आला. गाव सापडायला पत्ता लागलाच नाही.

मांडवात पाय ठेवताच कुणीतरी हातात ताट दिलं. वडे, मटण, तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी. मी कोण, कुणाकडची, हा प्रश्न जेवण झाल्यावर आला. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे आधी आडनाव विचारतात.

"कोनाची गो तू पोरी?" एका बाईंनी विचारलं.

"मी... कामावर आलेय. कॅमेऱ्याबरोबर."

"कॅमेऱ्याची पाहुनी!" त्यांनी जाहीर करून टाकलं, आणि दिवसभर माझं तेच नाव राहिलं.

उन्हं उतरायला लागली तशी प्राचीला पाटावर बसवलं. तिच्याशेजारी धवलारीण बसली होती. आगऱ्यांच्या लग्नात हीच बाई धवले गाते, आणि विधी तिच्या गाण्याच्या बरोबरीनं पुढे सरकतात. ती म्हणेल तसं घर वागतं. लहानखुरी, नऊवारी नेसलेली, आवाज मात्र माइकची गरज नसलेला. वाटलेल्या हळदीच्या मोठाल्या परातींभोवती सगळ्या बायका. शेजारी उभा केलेला एलईडी पडदा. माझ्याकडे हळदीचे हात येताना दिसले की मी "कामावर आहे" म्हणत सोड्याच्या क्रेटमागे सरकत होते. तिथून सगळं दिसत होतं आणि मी कुणाला दिसत नव्हते. माझी आवडती जागा.

पहिली हळद लागली. टाळ्या झाल्या. स्वातीताईनं क्लिक केलं. पडद्यावर प्राची आली.

हात पिवळे, गळा पिवळा, साडी पिवळी. आणि चेहरा नुकताच धुऊन पुसल्यासारखा स्वच्छ.

धवला मधेच थांबला. धवलारीण आजींनी पडद्याकडे पाहिलं. त्यांना लांबचं जास्त चांगलं दिसत असावं, कारण शेजारी बसलेल्या प्राचीपेक्षा त्यांनी पडद्यावर विश्वास ठेवला.

"तोंडाला लागलीच नाय गो. परत लावा."

बायकांनी आनंदानं परत लावली. या वेळी कानामागे, भुवयांवर, नाकाच्या शेंड्यावर. क्लिक. पडद्यावरची प्राची आधीपेक्षाही गोरी. आपला कॅमेरा काय करत होता ते माझ्या लक्षात आलं. एवढा पिवळा चेहरा माणसाचा असूच शकत नाही असं त्याला शिकवलेलं होतं. जितकी हळद जास्त, तितका तो जास्त मन लावून पुसत होता.

"यो कॅमेरा हाय का साबन?" मागून कोणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. प्राचीही हसली, मग तोंडात हळद गेली म्हणून थुंकली. नाना मात्र हसत नव्हते. नाना खांबाला टेकून उभे होते आणि त्यांच्या शेजारच्या माणसानं 'कल्याणचा' एवढा एकच शब्द म्हटलेला मला ऐकू आला.

स्वातीताईचा स्वतःचा कॅमेरा तिच्या गळ्यात होता, त्यात हळद नीट येत असणार. पण गाव बघत होतं पडदा, आणि पडदा जोडलेला होता आमच्या कॅमेऱ्याला. ती काचेवर बोट फिरवत होती. पण बोटं हळदीनं माखलेली. तिथे कुणाची नव्हती? काच नुसती पिवळी होत होती, ऐकत काही नव्हती. तिनं साडीला हात पुसले, साडीही हळदीचीच. मग तिनं मान वर करून मांडवभर नजर फिरवली. ती मला शोधत होती.

सगळ्या मांडवात कोरडे, स्वच्छ हात फक्त माझे होते.

क्रेटपासून पाटापर्यंतचं अंतर फार नव्हतं. पण मधे नाचणारे लोक, बेंजोवाले आणि अख्खं गाव. मी गेले. कोणीतरी वाट करून दिली, "कॅमेऱ्याची पाहुनी आली, सरका!" मी ओढणीनं काच पुसली. सेटिंग आत, त्याच्या आत रंग, त्याच्या आत चेहरा, त्याच्या आत आणखी एक पान, आणि तिथे ती हुशारी बंद करायची खूण. मला वाट पाठ होती. तरी जाताना माझ्या मनात येत राहिलं, हिला ही वाट कशी सापडावी? या हातांनी?

"काढ," मी स्वातीताईला म्हणाले.

धवलारीण आजींनी आणखी एकदा हळद लावायला सांगितली होतीच. ती लागली. क्लिक. पडदाभर पिवळं ऊन पसरलं. हळदीतून दोन डोळे आणि दातांची एक ओळ, एवढीच प्राची. मांडवात जो आवाज उठला त्यात बेंजो ऐकू येईनासा झाला.

"तीन वेला हलद लागली पोरीला," आजी म्हणाल्या. "दोन वेलची हलद या मशीननी खाल्ली. आता याचा पन लगीन लावा!"

आणि हसत हसत त्यांनी परातीत बोट बुडवलं आणि कॅमेऱ्याच्या गुळगुळीत डोक्यावर, फोटो काढायच्या बटणाच्या शेजारी, नवऱ्यामुलाला लावावी तशी हळद टेकवली. मी "अहो, तो कंपनीचा..." एवढंच म्हणू शकले, कारण तेवढ्यात आजी माझ्याकडे वळल्या.

"तुना नाय लावली का कोनी? इकरं ये."

पुढचं मला सलग आठवत नाही. चार दिशांनी हात आले. थंडगार, ओली, थोडी खरखरीत हळद गालांवर, कपाळावर, मानेवर, केसांत. इतक्या लोकांनी एकाच वेळी मला कधी हात लावला नव्हता. पळून जावंसं वाटेल अशी माझी अपेक्षा होती. तसं काही वाटलं नाही.

"हलू नको," स्वातीताई म्हणाली. "आता तुझा काढते. हुशारी चालू ठेवून एक, बंद करून एक. ऑफिसात दाखवायला लागेल ना तुला?" चालू-बंद मीच करून दिलं, माखलेलं बोट तोंडात घालून साफ करून. हळद कडू लागते. हातांचं काय करावं हा प्रश्न या वेळी पडला नाही. ते कॅमेऱ्यात गुंतले होते आणि मग तसेच हवेत राहिले.

निघताना नाना स्कूटरपर्यंत आले. "बाय," ते स्वातीताईला म्हणाले, "पुढचे लग्नाला पन तूच ये. पन यो शाना डबा घरी ठेव."

"डबा आणते नाना. शानपना घरी ठेवते."

नाना पहिल्यांदा हसले आणि बॅगेवर वड्यांची पिशवी ठेवून गेले. कारखान्याच्या भिंतीशेजारून परत जाताना स्वातीताई बेंजोवरची चाल मोठ्यानं म्हणत होती. मी मागे बसून वडे खात होते.

परत

पुण्यात पोचल्यावर आईनं दार उघडलं, मला पाहिलं आणि म्हणाली, "कुणाशी?" तिला समजावून सांगेपर्यंत वडे संपले.

अहवाल मी लिहिला. रंजना मॅडमनी वाचून कळवलं की 'चेहऱ्याच्या रंगाबद्दल किरकोळ तक्रार' अशी एक ओळ पुरेल. दोन दिवसांनी परदेशातल्या लोकांबरोबर बैठक होती. प्राचीचे फोटो तिच्या घरचे होते, ते मी तिथे नेणं शक्यच नव्हतं. माझ्याकडे दाखवायला होते फक्त दोन, आणि ते दोन्ही माझे.

बैठकीत माझी पाळी आली. मी व्हिडिओ सुरू केला. कोणीतरी चुकून लागला का म्हणून विचारलंही. मग मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. इतक्या माणसांसमोर, भिंतीएवढे.

कॅमेऱ्याचं बाह्यरूप ठरवणारे गृहस्थ पलीकडून अगदी मनापासून म्हणाले, "डावीकडचा छान आहे. स्वच्छ."

"डावीकडचा तुमच्या कॅमेऱ्यानं धुतलाय," मी म्हणाले. "मी धुतला नव्हता." आणि हात वर करून दाखवला. नखं अजून पिवळी होती.

मग मी सगळं सांगितलं. पाट, पडदा, तीन वेळची हळद, एकाच्या आत एक असलेली ती पानं आणि मांडवातले हात. सबनीस काकांचा खिडकीला लावलेला डोळाही सांगितला, कारण तो सवयीचा प्रश्न नव्हता हे मला आता कळलं होतं. साबणाचं सांगितल्यावर तिकडे कोणीतरी हसलं. रंजना मॅडम खाली मान घालून काहीतरी लिहीत होत्या, आणि ते एका ओळीपेक्षा नक्कीच जास्त होतं.

"समजा, हे सगळं एका झटक्यात बंद करायला एक बटण परत दिलं," ते गृहस्थ सावकाश म्हणाले. "डोळा खिडकीला आणि बोटं माखलेली. तर ते कुठे हवं?"

मी कॅमेरा उचलला. पुसून पुसूनही त्याच्या डोक्यावरचा तो एक डाग गेला नव्हता. मी डोळा खिडकीला लावला, न बघता बोट फिरवलं, आणि ते जिथे सहज जाऊन टेकलं, तिथेच धवलारीण आजींचं टेकलं होतं.

"इथे," मी म्हणाले. "जागेला हळद लावून दिलीय."